मेलेल्या माणसाची फिर्याद

"मी आज पहाटे वारलो," दारात उभा असलेला म्हातारा म्हणाला. "कुणामुळे वारलो, ते तुम्ही शोधून काढायचं."

भाऊजींच्या हातातला कप बशीत जरा जोरातच टेकला. त्यांचा सगळा जन्म बस चालवण्यात गेला होता. तऱ्हेतऱ्हेचे प्रवासी पाहिले होते, पण मेल्यावर जिना चढून फिर्याद द्यायला आलेला हा पहिलाच.

वहिनींनी चष्मा नाकावर चढवला आणि पाहुण्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"बसा तात्या. जिन्याने दम लागलाय, म्हणजे फारसे मेलेले दिसत नाही तुम्ही."

तात्यांना न ओळखणारा माणूस त्या शहरात नव्हता. तरुणपणी त्यांनी एक साप्ताहिक काढलं, ते वाढवलं आणि थकल्यावर सुनेच्या हाती सोपवलं. आता साप्ताहिक कागदावर कमी आणि इंटरनेटवरच्या साइटवर जास्त वाचलं जाई.

वहिनी विमा कंपनीत दावे तपासायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी बूटदुरुस्तीच्या दुकानावरची ही खोली घेतली आणि 'खाजगी तपास' अशी पाटी लावली. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. थोरला भाऊ गेल्यावर वहिनींना सोबत म्हणून येऊन बसू लागले, ते बसलेच. डोकं वहिनींचं आणि पाय भाऊजींचे, असा एकूण कारभार होता. भाऊजींना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. गाडीला इंजिन एकच असतं, चाकं जास्त लागतात, असं ते म्हणत.

"हे वाचा," तात्यांनी फोन पुढे केला. "सकाळी आमच्या साइटवर पहिल्या पानावर आलं. रडत रडत शेजारीण आली आणि दार मीच उघडलं. बिचारी उंबऱ्यावरच बसली. तेव्हापासून घरात फुलं येताहेत. जिवंतपणी एकानं फूल दिलं नाही!"

भाऊजींनी फोन हातभर लांब धरला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'तात्या गेले. खालच्या मजल्यावरचं छपाईचं यंत्र नुसतं कुरकुरलं, तरी कागद कुठं अडकलाय ते वर बसून सांगणारा हा माणूस. भिजून आला की ओले मोजे त्याच यंत्राच्या गरम पत्र्यावर वाळत घालायचा आणि पाहुण्यांसमोर अनवाणी बसायचा. चुकलेल्या बातमीची माफी पहिल्या पानावर मागायचा, घरात मात्र कधी कुणाची माफी मागितली नाही. सिगारेट सोडीन सोडीन म्हणाला, शेवटपर्यंत सोडली नाही. त्यांच्या मागे पत्नी आणि मुलगा आहेत.'"

"ऐकलंत?" तात्या उसळले. "मला मारलं आणि हिला जिवंत केलं! माई जाऊन पाच वर्षं झाली. सिगारेटही मी केव्हाच सोडली. मरणाची बातमी द्यायची तर निदान धड तरी द्या!"

"लिहिलंय मात्र छान," भाऊजी म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

"छान लिहिलंय," तात्यांनी नाइलाजानं कबूल केलं. "तेच खुपतंय."

लेखाच्या खाली एक नाव होतं. तात्यांच्या सुनेचं.

वहिनींनी फोन तात्यांना परत दिला. "म्हणून तुम्ही आलात."

तात्यांचा आवाज उतरला. "आमच्या साइटवर कुणीही काहीही छापू शकत नाही. छापायची परवानगी फक्त तिला. तिचं नाव खाली स्वच्छ दिसतंय. माझा धाकटा भाऊ, अण्णा, निम्मा भागीदार आहे. आज संध्याकाळी बैठक बोलावलीय त्यानं. तिला संपादकाच्या खुर्चीवरून उठवायचं म्हणतो. आणि ती काय म्हणाली माहीत आहे? 'मी केलं नाही, पण भांडणारही नाही.' राजीनामा लिहून टेबलावर ठेवलाय. पोरगी माहेरी जायच्या गोष्टी करते. मुलगा माझा जहाजावर, वर्षातून एकदा येतो. घरात आम्ही दोघंच. ती गेली तर घर खायला उठेल."

"तुमचं आणि तिचं काही बिनसलं होतं?"

"महिन्यामागं. माझी किल्ली काढून घेतली तिनं."

"कसली किल्ली?"

"साइटमध्ये शिरायची. नाव आणि पासवर्ड. म्हणे, मी भल्या पहाटे उठून तिचे मथळे बदलतो."

"बदलत होतात?"

"वाईट होते," तात्या म्हणाले. "पण तेवढ्यावरून कुणी कुणाला मारतं का? आणि दिवस तरी कुठला धरावा! आज माझा वाढदिवस. नव्वदी भरली. माई असती तर तिला दाखवली असती. धुरांडं म्हणायची मला. 'असेच ओढत राहिलात आणि नव्वदी गाठलीत, तर नाव बदलीन मी माझं.'" त्यांनी फोन खिशात घातला. "हे बघा, ती नसेल तर कोण ते सगळ्यांसमोर सांगा. ती असेल तर मला एकट्याला सांगा. मी निस्तरीन."

वहिनींनी पर्स उचलली. "चला भाऊजी. मयताच्या कचेरीत जाऊन येऊ."

साप्ताहिकाची कचेरी पायी जाण्याच्या अंतरावर होती. तात्याही बरोबर निघाले. खाली सायकलींचं दुकान. रबराचा आणि तेलाचा वास जिन्यात भरून राहिला होता.

"इथंच होतं ना छपाईचं यंत्र?" वहिनींनी विचारलं.

"इथंच. विकून टाकलं. मुलाच्या लग्नाआधीची गोष्ट. आता छपाई बाहेर होते आणि इथं पंक्चर निघतात."

"साइटवर तुम्ही स्वतः टाइप करायचात?"

"मी? एका बोटानं. मथळ्यापुरतं. माई होती तोवर तीच माझ्या किल्लीनं बसायची. मी बोलायचो, ती लिहायची. वेगळी किल्ली घेतलीच नाही तिनं. 'एका घराला दोन किल्ल्या कशाला?' म्हणायची."

वर मोठी खोली होती. खिडकीला लागून बातमीदाराचं टेबल. माणूस जुना, केस पिकलेले, स्वेटरच्या कोपरांना चामड्याचे तुकडे लावलेले. तात्यांनंतर खुर्ची आपल्याला मिळेल अशी त्याची खात्री होती, आणि ती सुनेला मिळाल्याचं दुःख त्यानं लपवलंही नव्हतं.

"या, या," तो म्हणाला. "माझ्यावरच संशय असणार. असायलाच हवा. पण मी लेखक."

"म्हणजे?"

"म्हणजे साइटच्या लेखी मी फक्त लेखक. लिहायचं, संपादक बाईंकडे पाठवायचं, आणि परवानगीची वाट बघत बसायचं. छापायचं बटण मला दिसतसुद्धा नाही. आमच्या वेळी लेखाचा कागद घेऊन खाली गेलं की काम झालं. आता माझाच लेख, आणि मीच दाराबाहेर."

"बाईंचा पासवर्ड कळला तर?"

"कळून उपयोग काय! दर वेळी त्यांच्या फोनवर नवा आकडा येतो. तो फोन त्यांच्या उशाशी असतो. नाही हो, मला चोर म्हणा, पण जादूगार म्हणू नका."

भाऊजी हसले. माणूस कडू होता, पण खोटा वाटत नव्हता.

"ही साइट तुम्हाला आवडत नाही," वहिनी म्हणाल्या.

"आवडेल कशी? माझी बाजारपेठेवरची अख्खी मालिका खाल्ली तिनं. अर्धवट लेख वर्षभर कुणी उघडला नाही, की पुसून टाकते. आमच्यात त्याला झाडू फिरला म्हणतात."

"मग जपून ठेवायचं असेल तर?"

"तर लांबची तारीख घालायची. अमुक वर्षी अमुक दिवशी छाप, असं सांगून ठेवायचं. तारीख घातलेल्या लेखावर झाडू फिरत नाही. लेख हवा तेव्हा काढून घ्यायचा, नको असेल तर तारीख आणखी पुढं ढकलायची. माईंनी पाडलेली रीत. पण तारीख घालायलाही संपादकाची किल्ली लागते. म्हणजे पुन्हा बाईंच्या दारात."

"मृत्युलेख कोण लिहितं इथं?"

"पूर्वी माई. तो त्यांचा प्रांत होता. आता ज्याच्या वाट्याला येईल तो." त्यानं तात्यांकडे तिरपं पाहिलं. "आणि मी तात्यांवर लिहिलं असतं, तर मागे राहिलेल्यांत सुनेचं नाव विसरलो नसतो. उद्या तिच्याच हाताखाली काम करायचंय."

पलीकडच्या काचेच्या खोलीत साइट सांभाळणारा तंत्रज्ञ बसत असे. सगळे त्याला किल्लेदार म्हणत, कारण कुणाला कुठली किल्ली द्यायची ते त्याच्या हाती. दोन वर्षांपूर्वी आलेला, गोल चेहऱ्याचा, घाबरट तरुण. तात्यांना पाहताच तो उभा राहिला.

"बस," तात्या म्हणाले. "कुलूपचोर!"

"बघा, महिनाभर हेच ऐकतोय मी," किल्लेदार रडकुंडीला येऊन वहिनींना म्हणाला. "बाईंनी खातं बंद करायला सांगितलं, मी केलं. पण त्यांच्या लिखाणातलं एक अक्षर पुसलं नाही. तेवढी अक्कल आहे मला."

"अक्कल आहे म्हणूनच विचारते. छापण्याची परवानगी कुणाकुणाला?"

"बाई संपादक, त्यांना. मी ॲडमिन, म्हणून मलाही. महिन्यापूर्वीपर्यंत तात्यांना. बाकी सगळे लेखक."

"म्हणजे तुम्हीही मारू शकता तात्यांना."

किल्लेदाराचा चेहरा पांढरा पडला. "मारू शकतो, पण मग खाली माझं नाव आलं असतं ना!"

"खाली नाव येतं ते बटण दाबणाऱ्याचं, की लेखाच्या मालकाचं?"

"एकच की ते." तो अडखळला. "म्हणजे... साधं सॉफ्टवेअर आहे आमचं. लेख ज्याच्या खात्यात, त्याचं नाव खाली. पण बाईंच्या खात्यात दुसरा कोण जाणार? आज पहाटे कचेरीत कुणी नव्हतं. कुलूप मीच उघडलं."

वहिनींनी मान डोलावली आणि पुढं काही विचारलं नाही. भाऊजींना वाटलं, अजून दोन प्रश्न विचारायला हवे होते. कोणते, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सूनबाई आपल्या टेबलाशी बसल्या होत्या. टेबल नीटनेटकं, पण डोळे सुजलेले. राजीनाम्याचा कागद पेपरवेटखाली होता. तात्यांना पाहून त्या उठल्या, खुर्ची सरकवून दिली आणि म्हणाल्या, "गोळी घेतलीत का सकाळची?"

"मेलेल्या माणसाला कसली गोळी?" तात्या म्हणाले.

"तात्या, तुम्ही चेष्टा करू नका हो. शेजारच्या काकूंच्या ओरडण्यानं मला जाग आली. मला वाटलं, खरंच काही झालं. धावत आले तर तुम्ही गालाला दाढीचा साबण लावून दारात उभे होतात."

वहिनी समोर बसल्या. "लेख तुम्ही लिहिला?"

"नाही. मला मृत्युलेख जमत नाहीत. माई गेल्या तेव्हाही लेखणी उचलली नाही माझ्यानं. बातमीदारांनी चार ओळी दिल्या."

"तुमच्या खात्यात हा लेख पडून होता, हे तुम्हाला माहीत होतं?"

"कसं असेल? महिनाभरापासून माझ्या यादीत इतका पसारा दिसतोय की मी खाली बघतच नाही. वरची चार-पाच कामं उरकते आणि बंद करते. सकाळी लेख दिसला तसा घाईनं काढून टाकला, इतकंच."

"किल्ली काढून घेतलीत त्यांची. राग होता?"

सूनबाईंनी तात्यांकडे पाहिलं. "राग नाही. मला भीती वाटायची. माझ्या मथळ्यावर त्यांनी हात फिरवला की लोक म्हणायचे, बघा, अजून म्हाताराच चालवतो. माझी खुर्ची मला कधी माझी वाटलीच नाही. तोंडावर बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून किल्लेदाराला सांगून गुपचूप खातं बंद केलं. ती चूक माझी. हा लेख माझा नाही."

तात्यांनी मान फिरवून खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी वहिनी आणि भाऊजी चौकातल्या बाकावर बसले. ऊन सौम्य होतं. समोर घड्याळाचा मनोरा होता, आणि भाऊजींनी कागदाच्या पुडीतले खारे दाणे मध्ये ठेवले होते.

"सून नाही वहिनी," भाऊजी म्हणाले. "अशी माणसं मारत नाहीत, गोळी विचारतात. पण मग कोण? बातमीदाराला बटण नाही, किल्लेदाराला कारण नाही, तात्यांना किल्ली नाही. बस स्टॅंडवरून सुटली, आत ड्रायव्हरच नाही, असं झालं हे!"

"चांगलं बोललात. ड्रायव्हर नसताना गाडी कशी चालते?"

"उतारावर. कुणीतरी ब्रेक न लावता सोडून गेलं असेल तर." भाऊजींनी दाणा तोंडात टाकला. "पण इथं कुठला उतार?"

वहिनी हसल्या. "साइटवर काहीतरी जुनं वाचून दाखवा. या घड्याळावर काही आहे का बघा."

भाऊजींनी पुन्हा फोन हातभर लांब धरला. "आहे की. 'बंद घड्याळ पुन्हा चालू.' वा, काय सुरुवात आहे! 'आमच्या शहराला आजपासून उशिरा पोचण्याची सबब उरली नाही.'" ते खूश झाले. "मला आठवतंय ना! माझी शेवटची फेरी याच घड्याळाखाली संपली. निवृत्त झालो त्या आठवड्यात दुरुस्त झालं हे. थोरला भाऊ म्हणाला होता, तू थांबलास आणि घड्याळ चालू झालं."

"लेख कुणाचा?"

भाऊजींनी खाली पाहिलं. "सूनबाईंचा. बघा, छान लिहितात हो. उगाच म्हणतात जमत नाही."

वहिनींनी पुडी मिटली, पर्स खांद्याला लावली आणि उभ्या राहिल्या.

"भाऊजी, उकललंत की तुम्ही."

"मी?" भाऊजी इकडेतिकडे बघू लागले. "केव्हा?"

संध्याकाळी मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. घरी आलेली फुलं कुणीतरी इथं आणून ठेवली होती, त्यामुळे खोली एकाच वेळी मयताची आणि समारंभाची वाटत होती. अण्णा टेबलाच्या टोकाला बसले होते, तात्यांसारखंच नाक आणि दुप्पट आवाज.

"दादा, बाहेरच्या बाईला कशाला आणलंस?" ते म्हणाले. "नाव स्वच्छ खाली लिहिलंय. सुनेचा उल्लेखच नाही, वहिनीला जिवंत दाखवलंय. घाईत केलेलं पाप असंच दिसतं!"

"बरोबर," तपासवाल्या वहिनी म्हणाल्या. "आपण त्या दोन गोष्टींपासूनच सुरू करू. सकाळपासून सगळे विचारताहेत, बटण कुणी दाबलं. लेख लिहिला केव्हा, हे कुणी विचारलं नाही."

वहिनींनी एकेक बोट मोडत सांगायला सुरुवात केली.

"लेखात माई हयात आहेत. सून नाही. खाली छपाईचं यंत्र आहे, ज्यावर मोजे वाळतात. तात्यांची सिगारेट चालू आहे. एक चूक घाईत होते अण्णा. चार चुका मिळून एकच काळ दाखवत असतील, तर त्या चुका नसतात. माई होत्या, मुलाचं लग्न व्हायचं होतं, यंत्र विकलं नव्हतं, तेव्हा हे लिहिलं गेलं. तेव्हा सारं खरं होतं."

"असेल जुना लेख," अण्णा म्हणाले. "तिला सापडला, तिनं आज छापला."

"पडून असलेला लेख इथं वर्षभरात पुसला जातो. झाडू फिरतो म्हणतात तुमच्यात. हा इतकी वर्षं टिकला. का?"

बातमीदार एकदम ताठ झाला. "लांबची तारीख!"

"लांबची तारीख. आणि ती घालायला संपादकाची किल्ली लागते. त्या काळी ती कुणाकडे होती? सूनबाई तर या घरात आल्याही नव्हत्या."

सगळ्यांच्या नजरा तात्यांकडे वळल्या.

"मी?" तात्या ओरडले. "मी माझा मृत्युलेख लिहीन? 'घरात कधी कुणाची माफी मागितली नाही' असं लिहीन?"

"किल्ली तुमची होती तात्या," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "बोटं कुणाची होती?"

तात्यांचं तोंड उघडं राहिलं. मग ते सावकाश मिटलं.

"माई," ते म्हणाले.

मग तेच पुढं सांगू लागले. "मी तेव्हा दवाखान्यात होतो. छातीचं दुखणं. डॉक्टरनं हात टेकले होते. ती रात्रंदिवस माझ्याजवळ. एकदाच कचेरीत गेली. काम उरकून येते म्हणाली. ते हे काम होतं?"

"दुसऱ्या कुणाला लिहू द्यायचं नव्हतं त्यांना. लिहिलं, आणि झाडू फिरू नये म्हणून तारीख घातली. कधीच येणार नाही अशी लांबची तारीख हवी होती. त्या तुम्हाला काय म्हणायच्या, ते सकाळी तुम्हीच सांगितलंत."

"नव्वदी गाठलीत तर नाव बदलीन," भाऊजी पुटपुटले, आणि स्वतःच दचकले.

"म्हणून नव्वदावा वाढदिवस. त्यांच्या हिशेबानं ती तारीख उजाडण्याआधी लेख केव्हाच लागणार होता. तुम्ही बरे झालात. पुढं त्याच अचानक गेल्या. तारीख पुढं ढकलायला कुणी उरलं नाही. आज पहाटे ती आली. बटण कुणी दाबलंच नाही. भाऊजी म्हणाले तशी, उतारावर सोडलेली गाडी."

"पण नाव माझं का?" सूनबाईंनी विचारलं.

"ते आम्हाला घड्याळानं सांगितलं. मनोऱ्याच्या घड्याळावरचा लेख भाऊजी निवृत्त झाले तेव्हाचा. तुम्ही तेव्हा या शहरातही नव्हतात. तरी आज त्याच्या खाली तुमचं नाव आहे. किल्लेदार, तात्यांचं खातं काढताना तुम्ही एक अक्षर पुसलं नाहीत म्हणालात. मग ती अक्षरं गेली कुठं?"

किल्लेदारानं कपाळावर हात मारून घेतला. "विचारलं होतं! खातं काढताना साइट विचारते, या माणसाचं लिखाण पुसू की दुसऱ्या कुणाच्या नावावर करू? मी बाईंचं नाव निवडलं. संपादकाचं संपादकाकडे, इतकाच विचार. तारीख घातलेले लेखही त्यात जातील, हे डोक्यातच आलं नाही!" तो धावत काचेच्या खोलीत गेला आणि तिथूनच ओरडला, "लेख पहिल्यांदा लिहिला त्याची नोंद आहे आत! तात्या, तुम्ही दवाखान्यात होतात तेच वर्ष! सकाळपासून खालचं नावच बघत बसलो आम्ही!"

अण्णांनी घसा खाकरला. "मग गुन्हेगार कोण?"

"शोधायचाच असेल तर एकच आहे," वहिनी म्हणाल्या. "ठरल्या वेळी न गेलेला माणूस. तात्या, सिगारेट सोडायला कुणी लावली?"

तात्यांनी डोळे पुसले, पण हसू त्यांना आवरत नव्हतं. "तिनंच! दवाखान्यातून आलो तशी पाकिटं फेकली, काड्यापेट्या लपवल्या. दोन महिने धड जेवू दिलं नाही मला, रोज भांडली! तारीखही तिनं घातली, आणि ती खोटीही तिनंच पाडली!"

"मग नाव बदलायला हवं माईंनी," बातमीदार म्हणाला, आणि पहिल्यांदाच सगळे एकदम हसले. अण्णांचा आवाज त्यातही दुप्पट होता. हसता हसता त्यांनी पेपरवेटखालचा राजीनामा ओढला, त्याच्या चिंध्या केल्या आणि सुनेकडे न बघता म्हणाले, "पोरी, माझं चुकलं. घरात माफी मागत नाही तो दादा. मी मागतो."

सूनबाईंनी वाकून त्यांच्या हातातल्या चिंध्या घेतल्या आणि टोपलीत टाकल्या. "कचरा करू नका काका," एवढंच म्हणाल्या.

तात्या मात्र अजून फोनकडे बघत होते. लेख साइटवरून निघाला होता, पण त्यांच्या फोनवर तो सकाळपासून उघडाच राहिला होता. त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. ओठ हलत होते. "ती गेल्यावर तिचं नवं अक्षर वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. मग सुनेकडे वळले. "हा पुसू नकोस. पुन्हा तारीख घाल."

"कुठली?"

"शंभरावा वाढदिवस."

"पुरायची नाही," सूनबाई म्हणाल्या. "सव्वाशेची घालते."

"आणि सिगारेटचं वाक्य?"

"त्याला हात लावायची परवानगी कुणालाच नाही. संपादकालाही नाही." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "तात्या, तुमची किल्ली तुम्हाला परत देते. पण लेखकाची. लिहा हवं तेवढं. छापायचं की नाही ते मी ठरवीन. चालेल?"

तात्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. बातमीदार मिशीत हसत होता. "या तात्या," तो म्हणाला, "दाराबाहेर जागा आहे माझ्या शेजारी."

"चालेल," तात्या सुनेला म्हणाले. "तुला विचारायला हवं होतं मथळ्याचं. चुकलं माझं."

घरात कधी माफी न मागितलेल्या माणसाचं हे वाक्य ऐकून अण्णांनी खुर्चीचा हात धरला.

किल्लेदारानं खातं तिथल्या तिथं उघडून दिलं. तात्या खिडकीजवळच्या संगणकाशी बसले आणि एका बोटानं टाइप करू लागले. सगळे फुलं वाटून घेत होते. भाऊजींनी वहिनींसाठी पिवळ्या फुलांचा मोठा गुच्छ उचलला. बऱ्याच वेळानं तात्यांनी 'परवानगीसाठी पाठवा' हे बटण दाबलं आणि हाताची घडी घालून बसले.

सूनबाईंनी आपल्या पडद्यावर वाचलं. एकच ओळ होती: 'या साप्ताहिकाचे संस्थापक तात्या जिवंत आहेत, आणि मजेत आहेत.'

त्यांनी गंभीर चेहऱ्यानं काहीतरी लिहिलं आणि लेख परत पाठवला. तात्यांच्या पडद्यावर शेरा उमटला: 'बातमीची खात्री करता येत नाही. पुरावा सादर करावा.'

तात्यांनी तो दोनदा वाचला. मग ते उठले, कोटाची बटणं लावली, सगळी खोली ओलांडली आणि संपादकांच्या टेबलासमोर ताठ उभे राहिले.

सूनबाईंनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहून घेतलं, आणि बटण दाबलं.